राखेनं घासलेले दगड

पोलादाच्या नव्या कारखान्यातली फर्नेस पेटून वर्षही झालं नव्हतं. रुआबांध्याच्या स्टॉपवर बस काही येईना. बाजाराला निघालेल्या गिरजाबाईंच्या पुढं रांगेत एक जोडपं उभं होतं. नवरा हातातली जड पिशवी उघडत होता, बांधत होता, परत उघडत होता.

"मथुरा, दगडांवरचे नंबर कुठं गेले?"

"शाई लागली होती ना! राखेनं घासून काहाडली. शाळेत कोनी मळके दगड नेते का?"

"अवं, नंबरच होते थे! कोनता दगड कोनत्या खाणीतला, थे वहीत नंबरानंच लिवलं हाये. आज साहेबांपुढं शिकवून दाखवलं तं मास्तरची नोकरी, नाई तं परत सर्व्हेची साखळी ओढत चेनमनगिरी."

"पाच वर्सं सर्व्हेवाल्यांचे दगड वाहिले, मंग कॉलेज केलं. इतवारी लोक शिनेमा पाहतेत, तुमी टेकड्या. आन् आता वळखू नाई येत?"

"बाकीचे येतेत. हे दोन लाल सारखेच दिसून राहिले."

"डावा राजहऱ्याचा, लोखंडाच्या खाणीतला."

"तुले कसं मालूम?"

"घासला तं तीनदा पाणी बदललं तरी लालच. अन् एवढुसा दगड, पन हात भरून आला. दुसरा किती बी घासा, पाणी जसंच्या तसं."

नवऱ्यानं दोन्ही दगड हातांत तोलले, मग तिचे लाल झालेले तळहात पाहिले.

"कावून पाहून राहिले माह्याकडं? बस आली, चढा."

"तू बी चढ."

"मी कायले? मी तं पोचवाले आली होती."

"हे लाल तळहात साहेबांले कोन दाखवंल मंग?"