दोन्ही बाह्या डाव्या!

...आणि वर सासरची माणसं मलाच विचारतात हो, 'भावजी, तुमचं लक्ष कुठं असतं?' कुठं असतं म्हणजे? तुम्ही ठेवलंत का ते जागेवर? तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं कोट शिवतोय मी, आजवर ह्या कात्रीनं दगा दिला नाही. दगा दिला तो खिशातल्या फोनच्या त्या टुंग-टुंगनं! पण आता ठरलं. लक्ष माझं, मर्जी माझी!

आमचा मेव्हणा. माणूस सोन्यासारखा, पण ग्रुप काढलाय त्यानं घरच्यांचा! सकाळी काय, 'उभ्यानं पाणी पिऊ नका.' बरं, नाही पीत. टुंग! 'बसून पाणी पिणे घातक.' अरे मग काय लोंबकळून पिऊ? त्यात गुंडीवाल्यांचा ग्रुप, जुन्या शाळेचा ग्रुप, आणि शाळेच्या ग्रुपवर रुसलेल्यांचा वेगळा ग्रुप... डोकं आहे का धर्मशाळा?

तर त्या दिवशी घरीच लेकीचा कोट कापायला घेतला. लेक वकील झाली हो माझी! दुसऱ्या दिवशी कोर्टात पहिल्यांदा उभी राहणार, काळा कोट घालून, आणि तो बापाच्या हातचा. आता आमच्यात काय करतात, कापड दुहेरी घालतात, म्हणजे एका कापात डावी-उजवी जोडीनं निघते. पण कापड तोकडं, म्हणून एकेरी घातलं. बाहीच्या मापाचा कागद ठेवून एक बाही कापायची, तोच कागद पालथा करायचा, मग दुसरी. सगळी मेख त्या पालथ्यात! पहिली कापली, कागदाला हात घातला, आणि... टुंग!

बघितलं. मेव्हणा विचारतोय, 'कोणी आहे का?' मी आपला शहाणा, लिहिलं, 'आहे.' तर उत्तर काय यावं? 'काही नाही, सहजच!'

सहजच!! आणि त्या सहजच्या नादात कागद तसाच, कात्री सर्रकन... बायको आली, बाह्या उचलल्या, ही बघ, ती बघ, म्हणाली, "अहो, पोरगी वकील झालीय, तिचे दोन्ही हात डावे नाही झालेत!"

कापड संपलेलं. दुकानात काळ्या कापडाचं दुसरं ठाण नाही. आणि त्यातच टुंग! तेव्हा मात्र टाळकं सटकलं. बसलो, आणि एकेक ग्रुप सोडला. हा सोडला, तो सोडला, रुसलेल्यांचाही सोडला, आता ते दोनदा रुसोत! लक्ष माझं, मर्जी माझी!

शांतता झाली म्हणता? छे! दहा मिनिटांत मेव्हणा धापा टाकत दारात. "भावजी, रागबिग आला का? प्रकृती बरी ना? ताई, ह्यांनी ग्रुप सोडला गं!" मागून त्याची बायको, तिच्यामागं सासरे, काठी टेकत! मी कात्री वर केली. म्हटलं, "बसा. चहा घ्या. जो बोलेल त्याचा मी खिसा कापीन." हातात कात्री असली की माणसं फार वाद घालत नाहीत हो, हा अनुभव आहे.

मग कपाट उघडलं. माझा लग्नातला कोट काढला, तोही काळाच. सासरे 'अरे अरे' करत उठले, मी बघितलंही नाही. बाह्या उसवल्या, लेकीच्या मापाच्या करून तिच्या कोटाला जोडल्या, आणि हो, जोडण्याआधी पालथ्या करून दोनदा तपासल्या! इतकं एकचित्तानं काम मी गेल्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

सकाळी लेकीनं कोट घातला. हात हलवून बघितले, डावा डावीकडं, उजवा उजवीकडं. फोटो काढला, घरच्यांच्या ग्रुपवर टाकला आणि गेली कोर्टात.

मी दुकानात येऊन नवं कापड मांडलं, तर बायको फोन घेऊन हजर. "अहो, ग्रुपवर कोटाचं कौतुक बघा किती चाललंय! आणि तुम्हीच नाही त्यात. जाऊ दे, तुम्हाला काय त्याचं..." वळलीसुद्धा हो ती!

आता काय सांगायचं तुम्हाला... लक्ष माझं, मर्जी माझी, सगळं खरं. पण माणूसच आहे ना मी? कात्री खाली ठेवली, फोन मात्र तिच्याच हातात ठेवला, आणि म्हटलं, "हं, वाच... सावकाश वाच. मेव्हण्याचं आधी!"