दोन दिवसांत आराम

वाशीमच्या सरकारी दवाखान्यात चामडीच्या डॉक्टरसाठी लाइन लागली होती. माझ्या पुढं केनवडचा एक म्हातारा मांडी खाजवत उभा होता, त्याच्या बाजूला अनसिंगची एक बाई.

"कायचं हाय, बाबा?"

"गजकर्ण. पण ट्यूब भारी भेटली, बाई. दोन दिवसांत आराम."

"कधीपासून लावून राह्यले?"

"तीन सालापासून."

"म्हंजे तीन सालापासून दोन दिवसांत आराम पडून राह्यला."

"खाज थांबली का बंद करतो. औषध कायले वाया घालवाचं?"

"मले तं डॉक्टरनं डाग गेल्यावरही दोन हप्ते लावाले सांगतलं. तुमाले ट्यूब कोनं सांगतली?"

"साळ्यानं."

"डॉक्टर हाय का थो?"

"ड्रायव्हर हाय. पण अनुभव लय हाय, धा वर्सांपासून त्याले गजकर्ण हाय."

"घरात आणखी कोणाले?"

"सगळ्यायले. टॉवेल एक, ट्यूब एक. आमच्यात भेदभाव नाही."

"मंग आज इथं काहून आले?"

"नातीच्या गालाले लावली. चामडी कागदासारखी पातळ झाली, लाल शिरा दिसून राह्यल्या. थे बसली तिथं, तोंडाले रुमाल बांधून."

"ट्यूब आणली ना डॉक्टरले दाखवाले?"

"आणली होती. गेटवर एक जण लय खाजवून राह्यला होता, त्याले देऊन टाकली."