चाकांची सोडून दाखवा

नाही हो शेठ, ही नको. ही पाठीला लावली ना, की मी डोंगर चढायला निघालोय असं वाटतं — आणि वाटतं काय, झालंय एकदा तसं. लग्नाच्या हॉलवर गेलो असलीच काळी ढब्बू बॅग लावून, तर दारातल्या माणसाने मला थेट मागच्या जिन्याने गच्चीवर नेलं. म्हणे बरं झालं आलात, एसी सकाळपासून बंद पडलाय. मीही गेलो बरं का त्याच्या मागे, म्हटलं वरून हॉलचा फोटो घ्या म्हणत असतील — तर त्याने माझ्या हातात पाना दिला. खाली नवरानवरी खोळंबलेली आणि मी वर पाना धरून उभा. हसताय काय? म्हणून म्हणतो, बॅग रुबाबदार पाहिजे. दारात पाऊल टाकलं की लोक म्हणाले पाहिजेत, आला बुवा कोणीतरी. प्रोफेशनल माणूस आहे मी. नाक्यावर स्टुडिओ होता माझा, स्वतःचा — पडदे, दिवे, गोल फिरणारं स्टूल, केस विंचरायला आरसा, सगळं. तेव्हा बॅगबिग काही लागायची नाही. लोक आपल्या पायाने यायचे, मी म्हणायचो हनुवटी वर, डोळे उघडे, हलू नका, आणि खटॅक. आता आपणच बोचकं उचलून त्यांच्या दारात जायचं.

ती तपकिरी बघू. चामड्याची का? वास झकास आहे. दिसतेय पण — अरे बापरे, रिकामीच केवढी जड ही! यात कॅमेरा ठेवायचा की हिलाच सांभाळत बसायचं? आणि ही घेऊन शिरलो की लोकांना वाटेल वकील आला इस्टेटीची वाटणी करायला, निम्मे पाहुणे पळतील. ठेवा, ठेवा. कमरेला बांधायची? शेठ, आधी माझं पोट बघा आणि मग बोला. ती करडी काढा बरं, वरून तिसरी. हां, ही जरा माणसात बसण्यासारखी आहे, कपड्यांना शोभेल. उघडा — खर्रर्र! ऐकलंत? ही चिकटपट्टी माझी वैरीण आहे. लेक बापाच्या गळ्यात पडून रडतेय, हॉल चिडीचूप, आणि आपण लेन्स काढायला हात घालतो — खर्रर्र. सगळ्या माना इकडे. बापाचे डोळे कोरडे, लेक रडायची थांबली, फोटो गेला बोंबलत. आणि बोलणी कोणाला? मला. घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलत नाही ती मग — म्हणजे, ते जाऊ द्या. चेनची दाखवा. आणि अस्तर काळं नको. काळी बॅग, काळी लेन्स, तिचं झाकणही काळं, आणि अंधारात आत हात घालून चाचपत बसायचं. पिवळं असेल तर बरं, नाहीतर केशरी.

चाकांची? छे. नको, बघायचीही नको. काचेत लावलीय ती ना? दिसली मला, आत येतानाच दिसली, मुद्दाम मान वळवून आलो. चाकं असावीत विमानतळावरच्या लोकांना. आमच्या नशिबी कुठे गुळगुळीत फरशी? आम्हाला हिरवळ, खडी, स्टेजच्या दीड वितीच्या पायऱ्या. खडखड खडखड करत न्यायची आणि घरी येऊन बघायचं तर लेन्सचे स्क्रू सुटलेले. विषय संपला. चाकांची सोडून काय असेल ते दाखवा.

ही निळी? पट्टा मऊ आहे. खांद्यावर घेऊन बघतो हं. बसते की छान. पण ही अंगाच्या बाजूला उघडते हो, मला बाहेरच्या बाजूला उघडणारी पाहिजे. म्हणजे बॅग माझ्या खांद्यावर, आणि शेजारच्या माणसाचा हात सरळ आत गेला पाहिजे. काय म्हणता? चोर? अहो चोर कशाला हात घालेल, आमची ही घालते ना.

ही म्हणजे... आता निघालंच आहे तोंडातून तर सांगतो. फोटो ती काढते. मी बॅग धरतो. झालं समाधान? पण पूर्वी उलटं होतं बरं का! स्टुडिओ बंद झाला, मग आम्ही लग्नाबिग्नाला जायला लागलो, तेव्हा कॅमेरा माझ्या गळ्यात आणि बॅग हिच्या खांद्यावर. काय बॅग होती ती! जाड कापडाची, डाव्या कोपऱ्यात उसवली म्हणून शिवलेली, दिवसभर नाचलो तरी कधी खांदा दुखला म्हणून नाही — आता दुखेल कसा, माझ्या खांद्यावर होतीच कुठे. मग एका लग्नात मला ताप भरला. हिने मला खुर्चीवर बसवलं, माझ्या गळ्यातला कॅमेरा काढला आणि गेली. मला वाटलं, झालं, आता घरादाराची अब्रू जाणार. फोटो आले तर — काय सांगू तुम्हाला — लोक हसत होते त्यात! नवरी हसतेय, तिची आजी हसतेय, वाढपी हसतोय. मी इतकी वर्षं फोटो काढले, एक माणूस कधी हसला नाही. सगळे आपले ओळखपत्रावर असतात तसे. मी हलू नका म्हणतो आणि ही त्यांच्याशी गप्पा मारते, कुणाच्या साडीचं कौतुक कर, कुणाच्या टकलाची चौकशी कर, आणि मधेच खटॅक. नंतर जो फोन येईल तो एकच विचारतो, बाई येणार आहेत ना? मी म्हणतो, मी येतो की. तर म्हणतात, तुम्हीही या.

राग? आला ना. आठवडाभर मी जेवणाच्या ताटाशीसुद्धा तोंड पाडून बसायचो. मग एके दिवशी उचलली बॅग आणि गेलो मागोमाग. आणि तुम्हाला खरं सांगतो शेठ, मला ते काम आवडतं. तिने मागे न बघता हात केला — तळवा वर असला तर लांबची लेन्स, मूठ असली तर जवळची, दोन बोटं हलली तर काच पुसायचं कापड, आणि हात नुसताच आला, खूण काही नाही, तर पाणी. शब्द बोलावा लागत नाही. एवढ्या संसारात आमचं इतकं कधी जमलं नव्हतं.

मागच्या कामाला मात्र माझ्या कमरेत उसण भरली. वाकलो तो वाकलोच. नवऱ्याच्या बापाला वाटलं माझं काही पडलंय, तोही वाकून शोधायला लागला, मग त्याचे भाऊ, मग सगळी रांग. हिने त्याचेही फोटो काढले, सोडते की काय! पण घरी आल्यावर कमरेला शेक देताना म्हणाली, तुमचे हाल बघवत नाहीत. चाकांची बॅग आणा, मी माझी ओढत नेत जाईन, तुम्ही आराम करा. प्रेमानेच म्हणाली हो. तेच तर. भांडली असती तर मी भांडलो असतो. आता आराम म्हणजे काय करू मी? कुंड्यांना पाणी घालू? घातलं, पुढे? चाकं आली की मी घरी, सरळ हिशेब आहे. आणि त्या चाकांना कळणार आहे का, तळवा वर म्हणजे काय आणि मूठ म्हणजे काय?

तर असं करा, उद्यापरवा एक बाई आल्या, उंचशा, चष्मा डोक्यावर ठेवून सगळीकडे चष्मा शोधणाऱ्या, आणि चाकांची मागितली, तर संपली म्हणून सांगायचं. एवढं करा माझ्यासाठी. थांबा, फोन... तिचाच. तुम्ही गप्प उभे राहा. हां, बोल. दुकानातच आहे. नाही गं, चाकांच्या संपल्यात. सगळ्या. अगं हे शेठ समोरच उभे आहेत, त्यांनाही वाईट वाटतंय. एक निळी आहे, खांद्याची, बाहेरून उघडते — म्हणजे उघडत नाही, पण पट्टा उलटा लावून देतील. हो. हो. बरं.

ठेवला तिने.

काय म्हणाली? म्हणाली, मला वाटलंच होतं, संपल्या असतील. पट्टा तेवढा रुंद बघून घ्या म्हणाली.

माझ्या तोंडाकडे काय बघताय शेठ? पट्टा उलटा लावा. आणि ती काचेतली आत ठेवून द्या, रस्त्यावरून दिसते.