जावयाशेजारची सीट

हॅलो?… हॅलो, कोण?… वन्सं? अगं बाई, तुम्ही! मसाकाहून?… हो, हो, स्कोव्हियाच बोलतेय. आवाज असाच येणार, तोंडात घास आहे.

कुठे म्हणजे? एन्टेबेला, विमानतळावर… नाही, अजून नाही उडाले. लाउंजमध्ये बसलेय… लाउंज हो, लाउंज! विमानात चढायच्या आधी बसायची खोली. गार हवा, गुबगुबीत खुर्च्या, आणि खायला कितीही घ्या, कोणी हात धरत नाही… फुकट कसं असेल? लुबोवाच्या बँकेच्या कार्डावर एक पाहुणा चालतो. पाहुणी मी.

…कोण लुबोवा काय विचारता? तुमच्या भाचीचा नवरा! माझा जावई! लग्न तुम्हीच जमवलंत ना?

हो. त्याच्याबरोबर चाललेय. त्याच विमानाने… कोणी सांगितलं तुम्हाला? चर्चमध्ये? वा! मी अजून जमिनीवर आहे आणि बातमी मसाकाला पोचलीसुद्धा.

अहो ऐका… ऐका ना, वन्सं… एका खोलीत असलो म्हणून काय झालं? तो पार तिकडे आहे, कुंडीतल्या झाडाआड, माझ्याकडे पाठ करून. मला नुसते त्याचे कान दिसताहेत. टॅक्सीतसुद्धा तो पुढे, मी मागे, तोंडावर रुमाल. ड्रायव्हरला वाटलं मला उलटी होतेय.

हो, हो, ठाऊक आहे मला ओबुको! जावयाला सासू शिवली की हातपाय लटलट कापायला लागतात, मान हलते, चहाचा कप धरवत नाही. लहानपणापासून ऐकतेय. म्हणून तर इथे बकाबका खातेय! त्याच्या घरी मी पाणीसुद्धा पिणार नाही. आणि हे विमान स्वस्तातलं, तिथे घोटभर पाणीही विकतच. तेव्हा आधी पोटोबा… मटोके? कुठलं आलंय मटोके! बोटाएवढे सॉसेज आणि कसलीशी गारढोण कोशिंबीर. केळ्यांच्या देशात राहून शिजवलेली केळी नाहीत, बोला!

…परत फिरू?

नाही.

नाही म्हणजे नाही, वन्सं… पुढच्या आठवड्यात एकटी जाऊन काय करू? ताट वाढायचं आत्ता नि भूक पुढच्या आठवड्यात? काल तिचा फोन आला होता. तुम्हाला सांगितलं नाही मी. नुसतं “आई” म्हणाली. बस्स. पुढे रडणंच. आपली नाकिमेरा हो, झाडावरून पडून हात मोडला तेव्हा जिने दाताखाली गोमेसीच्या झग्याचा पट्टा धरला होता, ती! पोट फाडून पोर काढलंय. पोर काचेच्या पेटीत, हिचा ताप उतरत नाही. शारजात कोण आहे तिचं? हा बापाला मूठमाती द्यायला इकडे आला आणि मागे हे होऊन बसलं. महिनाभर आधीच!

…तुम्ही जाता? जा की! मी आत्ता उठते खुर्चीतून. पासपोर्ट कुठाय तुमचा?… मग? माझा व्हिसा बाळंतपणासाठी म्हणून काढून ठेवलेला होता, म्हणून जमतंय हे.

आता आणखी एक ऐका. चर्चमधून कळण्याआधी मीच सांगते. बसल्या आहात ना?… बसा आधी… बसलात?… आमच्या सीट शेजारी-शेजारी आहेत.

…वन्सं?

ओरडू नका हो, इथपर्यंत ऐकू जातंय. तो कोट घातलेला माणूस बघतोय माझ्याकडे… मुद्दाम कशाला करेल तो? तिकिटाच्या दुकानात विचारलं, घरची माणसं जवळ बसवू का? हा म्हणाला, हो, आई पहिल्यांदाच बसताहेत, घाबरतील. वर त्याचे जादा पैसे भरले! एकीकडे बापाची माती, दुसरीकडे बायकोचा दवाखाना, सुचणार काय त्याला? मग इथे विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने सीटचे कागद हातात दिले तेव्हा दोघांनी एकदम वाचलं. मी इकडे पळाले, तो तिकडे पळाला. ती मुलगी आपल्यातलीच निघाली, तिने तोंडावर हातच ठेवला. म्हणाली, आत चढल्यावर कोणाशी तरी बदलून घ्या, जमेल.

हां. जमेल म्हणाली. झालं समाधान?… देवाची कृपा वगैरे मागाहून, आधी श्वास घ्या तुम्ही.

…त्याने खाल्लं का? खाल्लं असेल की. थांबा, बघते… नाही हो, वन्सं. समोर रिकामं टेबल. साधा कपसुद्धा नाही… अगं बाई. मी दिसतेय ना इथून त्याला. सासूच्या नजरेसमोर कसा खाईल? मी इथे तीन-तीनदा उठून वाढून घेतेय, आणि पोरगा तिकडे उपाशी बसलाय! त्याच्याच कार्डावर!

…नाही, थांबा. त्याचा फोन वाजतोय… उभा राहिलाय… नाही कळत, इंग्रजीत बोलतोय. “येस, येस” म्हणतोय नुसता… दवाखान्यातूनच असेल… वन्सं, तो खाली बसला. खुर्चीवर नाही हो, जमिनीवर. कुंडीला टेकून.

काय झालं रे?… लुबोवा! काय म्हणाले?… हो, त्यालाच विचारतेय! इथूनच विचारतेय!… मोठ्याने बोल!

…पुन्हा पोट उघडताहेत तिचं. आतून रक्तस्राव होतोय. आत्ता, या क्षणी आत नेताहेत. ह्याला विचारलं, करू का? हा हो म्हणाला.

…

आहे. आहे मी, वन्सं. तुम्ही रडू नका. तुम्ही रडलात तर माझं धैर्य जाईल.

तो काय करतोय? रडतोय. आवाज न करता. लोक वळसा घालून चाललेत, कोणी पेल्यात बर्फ घेतंय. ह्या अख्ख्या खोलीत त्याचं म्हणावं असं माणूस एकच आहे, वन्सं. ते मी. आणि मीच झाडाच्या अल्याड बसू?

…नाही, मी उठतेय… काय होईल? हात कापतील? अहो, ते आत्ताच कापताहेत! जावयाला न शिवता कापताहेत! हा फोन धरवत नाहीये मला… सांगा, सांगा कुळात. पन्नास माणसांची बैठक बोलवा, मी मधोमध येऊन गुडघे टेकते आणि सांगते, हो, शिवले. आजवर तुमचा एक शब्द खाली पडू दिला नाही मी. नवरा गेला तेव्हा तुम्ही म्हणालात तसं डोकं भादरलं, तुम्ही म्हणालात त्या चर्चला गेले. पण आज नाही. जिचं जळतं तिला कळतं, वन्सं.

फोन ठेवू नका. टेबलावर ठेवतेय, तसाच.

…

…हं. आहात?… ऐकलंत? बरं झालं. चोरून काही केलं नाही मी. डोक्यावरून हात फिरवला त्याच्या. आधी दचकून सरकला तो, भिंतीला लागला बिचारा. मग म्हणाला, “आई, मी हो म्हणालो, चुकलं का माझं?” आता ह्याला काय उत्तर देणार होतात तुम्ही? दोन हात लांबून?

मग? मग ताट वाढून दिलं. आणि समोर बसले. खा म्हटलं. खातोय… हो, माझ्यासमोर! इकडे मी बघतेय, तिकडे तो खातोय. छत काही कोसळलं नाही अजून.

बोलावताहेत. उठतो आम्ही… नाही, चालताना बोलते ना, तुम्हाला कुठे झोप येणार आहे. पिशवीत? नाचणीचं पीठ. तिला लापशी करून घालीन. मघाशी काट्यावर थोडं जास्त भरलं, मग मी पिशवीतली दुसरी गोमेसी काढून अंगावरच चढवली, चालतेय आता हत्तीण… पिशवी लुबोवाकडे दिली. हातात हात लागला, हो. आता मोजत बसू नका.

…बसमध्ये आहे… जिना… अहो दम लागलाय, थांबा… आत आलो. केवढी गर्दी! गुडघे पुढच्या पाठीला चिकटतात, बोडाबोडाच्या एका मोटरसायकलवर तिघं बसतात ना, तसं… हो, सापडली सीट.

काय?… नाही, एक मुलगा आपण होऊन विचारतोय, “मावशी, बदलायची का?” काउंटरवरच्या मुलीने सांगितलेलं दिसतंय त्याला. गुणी पोरगा… थांबा… नको रे बाळा. नको. बस तू तुझ्या दोस्तांजवळ. हा माझा जावई आहे, हा इथेच बसेल.

…हो, वन्सं! मी नाही म्हटलं! बदलून मिळत होती, तरी नाही म्हटलं. आता लिहून ठेवा हवं तर. चार-पाच तास विमान आकाशात, फोन बंद, खाली माझी लेक टेबलावर. तिच्याबद्दल काही कळणार नाही, कोणाला विचारता येणार नाही. त्या मुलाशेजारी बसून कोणाची वाट बघू? हा तिचा आहे. मी तिची आहे. एवढंच आहे आमच्याजवळ.

…काही कळलं का म्हणता? नाही. आता उतरल्यावरच.

…

हळू बोला… हळू, वन्सं. झोपलाय तो. विमान जागचं हललंसुद्धा नाही नि झोप लागली. बाप गेल्यापासून डोळ्याला डोळा नव्हता… कुठे म्हणजे? माझ्या खांद्यावर. मान कलंडली ती माझ्याकडेच.

नाही. नाही हलवणार… नाही, वन्सं. तिथे उतरल्यावर जे काही समोर असेल ते आम्हा दोघांना उभं राहून बघायचंय. झोपू दे त्याला.

विमानातली बाई फोन बंद करा म्हणतेय… हो, करते, करते… वन्सं, गुडघे टेका आणि तिच्यासाठी मागा. माझ्यासाठी काही मागू नका… नाही, हात? एक त्याच्या डोक्यावर आहे. कापतोय. असू दे. ठेवते.