असहाय नागरिक

भाचा : पण चेहरा कुठे दिसतोय फोटोत, आत्या? कुणाला कळणारसुद्धा नाही तू आहेस ते.

आत्या : चेहरा तेवढा दिसत नाही. बाकी सगळं दिसतंय. पोटरीपर्यंत वर गेलेली साडी दिसतेय, खुर्चीच्या दांड्याला गच्च धरलेला हात दिसतोय. एवढं मोठं कुठे छापून घेतलंस? लग्नाचे बॅनर छापतात तिथे?

भाचा : हळू बोल ना. बाकीची मुलं ऐकतायत.

आत्या : ऐकू देत. तुमच्या आर्किटेक्चर कॉलेजचं प्रदर्शन सगळ्यांसाठी खुलं आहे ना? आणि मी बसलेय नेमकी त्या फोटोखाली, त्याच व्हीलचेअरमध्ये. ज्याला डोळे आहेत त्याला जुळवता येईल.

भाचा : अगं, माझा विषयच तो आहे. कुणालाही सहज आत जाता येईल अशी सरकारी कचेरी. आधी आत्ताची अवस्था दाखवायची, मग आपलं डिझाइन.

आत्या : म्हणजे मी तुझी अवस्था. बरं. त्या दिवशी मी तुला कशाला नेलं होतं रे?

भाचा : सोबतीला. घराच्या हद्दीची सुनावणी होती तुझी.

आत्या : चौघांनी मला खुर्चीसकट उचललं, कपाट उचलतात तसं, आणि पायऱ्यांवर माझी चप्पल पडली. मान वळवून पाहिलं तर तू वाकलेला. मनात म्हटलं, शहाणं पोर, चप्पल उचलतंय. लेका, तू अँगल धरत होतास!

भाचा : चप्पल मी आणली होती नंतर.

आत्या : आणलीस ना. फोटो नीट आलाय की नाही ते बघून झाल्यावर.

भाचा : वाईट हेतू नव्हता गं.

आत्या : हेतू खाली लिहिलाच आहे मोठ्या अक्षरांत. वाच. तूच लिहिलायस, लाजतोस काय?

भाचा : "असहाय नागरिक."

आत्या : असहाय! त्या साहेबाने फाइल न उघडताच पुढची तारीख सांगितली, तेव्हा मी त्याला असा झापला की तो खुर्चीतून उठून उभा राहिला. निकाल तिथल्या तिथे दिला त्याने. शेजाऱ्याचा वकील घाम पुसत बाहेर पडला. ते कुठाय तुझ्या भिंतीवर?

भाचा : तेव्हा मी आत नव्हतो.

आत्या : कुठे होतास?

भाचा : बाहेर. पायऱ्यांची मापं घेत होतो.

आत्या : छान. आता ते दाखव, ज्याच्यासाठी मला टांगलंयस. हे मॉडेल. वर्गात भूमिती शिकवण्यात जन्म गेला माझा, नकाशा समजावून सांगायच्या भानगडीत पडू नकोस. एवढंच सांग, मी आत कुठून जायचं?

भाचा : हा समोरचा चौक. फाटक नाही, कुंपण नाही. आणि या जनपायऱ्या. लोक इथे बसतील, गप्पा मारतील, वर चढतील. सरकार लोकांचं आहे असं वाटलं पाहिजे.

आत्या : मी कुठून जायचं?

भाचा : रॅम्प आहे ना. इकडून, बाजूने वळून... मागे.

आत्या : आणि हे रॅम्पशेजारी काय चौकोनी?

भाचा : जनरेटर.

आत्या : म्हणजे मी आणि डिझेलचे डबे एका दाराने.

भाचा : उतार नियमात बसतो, आत्या. मी तपासलाय.

आत्या : नियमात तर ती जुनी कचेरीही बसत होती. आणि ही कोण? पायऱ्यांसमोर व्हीलचेअरमधली एवढीशी बाई चिकटवलीयस. ही बिचारी पुढे काय करणार?

भाचा : ती... नुसती दाखवायला आहे.

आत्या : वाटलंच. तिला खाली ठेवलंस आणि मला भिंतीवर.

सर : काय, तयारी झाली का? बक्षीस ठरवायला महसूल खात्याचे सचिवसाहेब निघालेत. फोटोवर जरा लाइट मार. आणि यांना पाणीबिणी हवंय का, विचार.

आत्या : यांना ऐकू येतं. बोलताही येतं.

भाचा : सर, ही माझी आत्या. फोटोतली.

सर : अरे वा! नमस्कार, नमस्कार. मॅडम, खरंच, तुमच्या सहनशक्तीला सलाम. तुमच्या या एका फोटोने आख्खा प्रोजेक्ट उचलून धरलाय.

आत्या : उचललं मला होतं. प्रोजेक्टला नाही. तो फोटो उतरवा.

सर : मॅडम, भावना समजतात. पण मोठा विचार करा. सचिवसाहेबांच्या मनाला भिडलं, तर हे डिझाइन खात्याकडे जाईल. फायदा शेवटी तुमच्यासारख्यांचाच.

आत्या : माझ्यासारख्यांचा म्हणजे? गणिताच्या मास्तरणींचा?

सर : तसं नव्हे हो...

आत्या : कसं ते कळलं. मग या पुढच्या पायऱ्या काढा, तिथेच सरळ दार येऊ द्या सगळ्यांना. चौक थोडा वर उचलला की काम झालं.

सर : पायऱ्या काढा? मॅडम, याला एक आर्किटेक्चरची भाषा असते. सार्वजनिक इमारतीला भारदस्तपणा लागतो. माणूस पायऱ्या चढतो तेव्हा त्याला त्या संस्थेचा मोठेपणा कळतो.

आत्या : आणि ज्याला चढता येत नाही त्याला आपली जागा कळते. बरोबर शिकवताय.

सर : हे बघ, तुझ्या आत्याशी वाद घालायला मला वेळ नाही. फोटो उतरवलास तर साहेबांना मी तुझ्या टेबलापाशी थांबवणार नाही. त्या फोटोशिवाय आहे काय तुझ्याकडे? तुझं तू ठरव.

भाचा : सर... सर, एक मिनिट. गेले. आत्या.

आत्या : बोल.

भाचा : फक्त आजचा दिवस. साहेब येऊन गेले की मी स्वतः फाडतो. पाच वर्षं घासलंय गं मी. तुला माहितीये.

आत्या : ठेव.

भाचा : खरंच?

आत्या : काढताना विचारलं नव्हतंस, आता कशाला विचारतोस? ठेव. आणि खुर्चीला हात लावू नकोस. माझी मी जाते.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळ. आत्याचं घर.)

आत्या : दार उघडंच आहे. ये. बक्षीस मिळालं असेल.

भाचा : नाही.

आत्या : का? मी पुरेशी असहाय दिसले नाही?

भाचा : ऐक तरी. सचिव आले. फोटोसमोर उभे राहिले. म्हणाले, अरेरे, काय हाल आहेत लोकांचे. मग स्वतःच्या फोटोग्राफरला बोलावलं आणि तुझ्या फोटोशेजारी उभे राहिले. तो म्हणाला, साहेब, जरा गंभीर. की यांनी लगेच चेहरा पाडला.

आत्या : आणि मॉडेल?

भाचा : मॉडेलकडे बघितलंच नाही. हातातला चहाचा कप ठेवला त्याच्यावर.

आत्या : कुठे?

भाचा : पायऱ्यांवर.

आत्या : चला, कुणाच्या तरी उपयोगी पडल्या.

भाचा : हसू नकोस ना.

आत्या : मी कुठे हसतेय? पुढे?

भाचा : पोज न मोडता ते सरांना म्हणाले, अशा बायकांसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे. 'अशा बायका.' आणि सर मान डोलावतायत. मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, साहेब, ही माझी आत्या. हिने तुमच्या खात्याच्या अधिकाऱ्याला उभं करून निकाल घेतलाय, आणि माझ्या इमारतीतही तिला जनरेटरशेजारूनच यावं लागेल. डिझाइन चुकलंय माझं. मग खुर्चीवर चढलो आणि फोटो उतरवला.

आत्या : त्यांच्यासमोर?

भाचा : ते पोजमध्येच होते.

आत्या : सर काय म्हणाले?

भाचा : साहेबांसमोर काही नाही. नंतर म्हणाले, तू घरच्या बाईच्या पदराला धरूनच रेघा मारणार आयुष्यभर. नोकरीसाठी शब्द टाकायला माझ्याकडे येऊ नकोस. बक्षीस माझ्या शेजारच्या टेबलाला गेलं. काचेचा मनोरा केला होता त्याने, वर हेलिकॉप्टर उतरतं.

आत्या : मग आता काय, पाठ थोपटू तुझी?

भाचा : नाही.

आत्या : आलायस तर त्याचसाठी. तोंडावर लिहिलंय. साहेब पोज घ्यायला लागले तेव्हा तुला लाज वाटली. मी तिथे बसून सांगत होते तेव्हा नाही वाटली. मी सांगितलं तो बायकी चिडचिडेपणा होता, नाही का?

भाचा : तसं नव्हतं गं.

आत्या : मग कसं होतं?

भाचा : ...तसंच होतं.

आत्या : फोनमधला फोटो काढून टाकलास?

भाचा : हा बघ. काढतो. गेला.

आत्या : हं.

भाचा : आत्या, मी नवीन नकाशा आणलाय. चौकच हळूहळू वर चढत जातो, दारापर्यंत. पायऱ्या नाहीतच. सगळे एकाच दाराने. जनरेटर पार मागच्या भिंतीला नेलाय. बघशील?

आत्या : आत्ता नको.

भाचा : बरं. त्या निकालाची प्रत आणायला परत कचेरीत जायचंय ना तुला? कधी ते सांग, मी येतो.

आत्या : वरच्या मजल्यावरच्या मुलीला सांगितलंय मी.

भाचा : ती कशाला? मी आहे ना.

आत्या : ती येतेय.

भाचा : बरं... निघू मग?

आत्या : नीघ. नकाशा ठेवून जा टेबलावर. आणि वर काहीतरी जड ठेव, वाऱ्याने उडेल.