प्रमिलावहिनीने कोणाला कापलं नाही

जय भीम. बसा, बसा, मागचे लोक पण बसा. एवढ्या उन्हात रांझीच्या या विहारात तुम्ही सगळे आले, काही पाटनहून बसने आले. वहिनीला हे पाहून बरं वाटलं असतं. मी रेखा, तिची नणंद. बोलायला उभी राहिली आहे. थांबली तर समजून घ्या.

नणंद-भावजयीचं काय असते, तुम्हाला माहीत आहे. आमचंही झालं सगळं. पण आज मी इथे अभिमानाने उभी आहे. रडणं घरी करीन.

दादा लग्नाची शूटिंग करायचे आणि वहिनी समोरच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसून त्याची डीव्हीडी बनवायची. लोकांना वाटायचं, बटन दाबलं की झालं. कुठलं काय? लग्न सकाळपासून रात्रीपर्यंतचं आणि डिस्क एवढीशी. सगळं मावणार कसं? आणि प्रत्येकाचं एकच, "भाभीजी, पूरी शादी एक ही डिस्क में चाहिए." दोन डिस्क दिल्या की भांडण. नागपूरचे पाहुणे पहिली पाहायचे, दुसरी डब्यात तशीच. मग दुसऱ्या डिस्कवर आलेला मामा रुसायचा, "आम्हाला काहून मागे टाकलं?" तुमच्यातलेच आहेत ते मामा. नाव घेत नाही.

मग दुसरे स्टुडिओवाले काय करायचे? एक तर माणसं कापायचे, नाही तर सगळं इतकं दाबायचे की नवरीच्या तोंडाचे चौकोन दिसायचे. वहिनी आधी व्हिडिओवर सजावटीला टाकतात ते उडणारे गुलाब काढायची, बदाम काढायची, मधली गाणी काढायची. माणूस काढायची नाही. म्हणायची, "रेखाबाई, त्याने तिकीट काढून यायचं, नवे कपडे घालायचे, आन् मी त्याला कापू?"

आता विहाराच्या या हॉलची गोष्ट सांगते. हा हॉल झाला तेव्हा मोठा कार्यक्रम झाला, आठवते ना? दादांनी दिवसभर शूटिंग केली. घरोघरी एकेक डिस्क द्यायची ठरली. तेव्हा आपल्या विहार कमिटीचे अध्यक्ष काका, हे इथे समोरच बसले आहेत, वहिनीला म्हणाले, "प्रमिला, भाषणं पूर्ण ठेव. ते स्वयंपाकाचं काढून टाक. भाजी चिरताना कोण पाहते?"

वहिनी म्हणाली, "बरं काका, पाहते."

दादा घाबरले. कमिटीचं काम म्हणजे वर्षभराचे कार्यक्रम. म्हणे, "काढून टाक ना, काम जाईन हातचं." वहिनी त्यांच्याकडे न पाहताच म्हणाली, "जाऊ द्या. अख्ख्या गर्दीसाठी ज्यांनी पुऱ्या लाटल्या, त्यांनाच बाहेर काढू? मी नाही काढत."

मी शेजारी बसून होती. मी विचारलं, "मग मावणार कसं?" तर ती मला समजावून सांगू लागली. "हे पाहा, भाषण करणारा माणूस हलत नाही. मागचा पडदा हलत नाही. त्याला थोडी जागा पुरते. लाटणारे हात हलतात, धूर हलते, पदर हलतात. त्यांना जास्त जागा लागते. सगळ्यांना सारखी काहून द्यायची? ज्याला जितकी लागते तितकी द्यायची." कॉम्प्युटर आधी सगळा व्हिडिओ एकदा पाहून घ्यायचा आणि मग जागा वाटायचा. तासन्‌तास लागायचे त्याला. मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशीही गेली. वहिनीने चहा मांडला आणि पुन्हा सुरू केलं.

मग डिस्क याच हॉलमध्ये टीव्हीवर लावली. काकांचं भाषण आलं, शब्द न्‌ शब्द आला. आणि मग आल्या बाया. पुऱ्या तळणाऱ्या, भांडी घासणाऱ्या. पदर तोंडाला लावून हसून राहिल्या होत्या स्वतःलाच पाहून. काकांनी विचारलं, "तू काहीच कापलं नाही?" वहिनी म्हणाली, "नाही काका. तुम्ही एका जागी शांत उभे होते ना, तिथली जागा वाचली." सगळा हॉल हसला. काका नाही हसले.

पुढच्या वर्षी काम आपल्याच शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्याच्या स्टुडिओला गेलं. काका, राग मानू नका, खरं ते सांगून राहिली. त्यांनी डिस्क छान बनवली, वर गुलाबही उडवले. बाया नव्हत्या. मग याच बाया काकांच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "आम्ही कुठे आहोत?" वहिनीने कोणाला पाठवलं नव्हतं. काम परत आलं आणि काका स्वतः सांगायला आले, हेही सांगायला पाहिजे.

आता मुलं म्हणतात, डीव्हीडी कोण पाहते, मोबाइल आहे. असू दे. माझी आई गेली. भिंतीवर तिचा फोटो आहे, त्यात ती गप्प बसलेली आहे. आई कधी गप्प बसली होती का? वहिनीच्या त्या हॉलच्या डिस्कवर ती पिठाचे हात झटकते आणि ओरडते, "अवं, तेल तापलं का नाही?" माझ्या नातीने तिचा आवाज तिथेच ऐकला. हे माझ्या वहिनीने ठेवलं आहे. सासूसाठी ठेवलं, तुमच्या सगळ्यांच्या आयांसाठी ठेवलं. म्हणून मला तिचा गर्व आहे. खूप गर्व आहे.

झालं माझं. आता आपण मौन पाळू.

एक मिनिट, उभे राहू नका अजून. आतून कपबशांचा आवाज येऊन राहिला. आत चार-पाच जणी आपल्यासाठी चहा करून राहिल्या आहेत. सुनंदा, गॅस बंद कर. चहा नंतर. सगळ्या बाहेर या. हात पुसत बसू नका, तशाच या. दारात नाही, इकडे समोर, वहिनीच्या फोटोजवळ.

काका, तुम्ही थोडे सरकता का? हो, तेवढं पुरे. होते जागा.

आल्या सगळ्या? आत कोणी राहिलं नाही ना?

चला, आता उभे राहू. वहिनी, जय भीम.