दिव्यांचं निमित्त

लेक : अण्णा, सगळी ट्यूब गाडीच्या दिव्यांना फासलीत. उद्या दात कशानं घासायचे?

अण्णा : मिठानं. सरक जरा, उजेड अडतोय.

लेक : घासून काय उपयोग? महिन्याभरात परत मोतीबिंदू होणारच यांना.

अण्णा : जुन्या गाडीच्या काचा, पिवळ्या पडणारच. म्हणून तर सांगतो, अंधारात काढायची नाही.

लेक : इस्पितळातून फोन होता. लॅबमधली संध्याकाळची पाळी. आज कळवलं नाही तर दुसरीला घेतील.

अण्णा : घेऊ देत की.

लेक : पाळी सुटेपर्यंत बस बंद होते. पुलाच्या पुढे रस्त्यावर एक दिवा नाही. गाडीशिवाय येऊ कशी?

अण्णा : मी कुठं नको म्हणतोय? या दिव्यांना विचार. समोर म्हैस आली तरी दिसायची नाही तुला.

लेक : मागच्या वेळीही दिवेच आडवे आले. त्याच्या आधीही दिवेच.

अण्णा : मग? खोटं आहे का?

लेक : सकाळी गॅरेजवाल्याकडे गेले होते. तो हसायलाच लागला. म्हणाला, "ताई, टॅक्सी स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांचे दिवे अण्णा लख्ख करायचे. मला हे काम त्यांनीच शिकवलं, आणि तुम्ही मला विचारताय?"

अण्णा : तोंडाळ आहे मेला.

लेक : घासल्यावर वरून कोटिंग मारलं नाही तर ऊन काच परत खातं, हेही तुम्हीच शिकवलंत म्हणे त्याला.

अण्णा : बाटली संपली होती. सांगितलं होतं तुला.

लेक : संपली होती?

अण्णा : सरक म्हटलं ना, उजेड अडतोय.

लेक : अण्णा.

अण्णा : तुझ्या आईच्या शिलाई मशीनच्या खणात आहे.

लेक : भरलेली?

अण्णा : सीलसुद्धा फोडलेलं नाही.

लेक : दोनदा नाही म्हणाले मी त्या लोकांना! माझंच नशीब फुटकं समजत होते. आणि तुम्ही इथं बसून टूथपेस्ट चोळत होतात.

अण्णा : तिन्हीसांजेला हे घर खायला उठतं गं. फाटकात तुझी गाडी वाजली की जिवात जीव येतो. भितो मी. झालं समाधान?

लेक : आणि मला दिवसभर खायला उठतं, त्याचं काय? तुमच्या गोळ्या, दार, खिडकी, परत दार. घुसमटते मी इथं. तुमचा राग येतो, मग रागाची लाज वाटते, मग उठून तुम्हाला चहा करून देते.

अण्णा : काल दोनदा केलास.

लेक : तीनदा.

अण्णा : ...जा. बाटली घेऊन ये. आणि पॉलिश पेपर. बारीकवाला.

(लेक आत जाऊन सामान घेऊन येते.)

अण्णा : आधी ती पेस्ट धू. कडेनं चिकटपट्टी लाव, नाहीतर रंग जाईल. पेपर ओला कर. हां, आता घास. आडवं, फक्त आडवं.

लेक : पांढरं पाणी येतंय.

अण्णा : येऊ दे. ते यायचं थांबलं की पूस कोरडं.

लेक : पुसलं. कोटिंग तुम्ही मारा.

अण्णा : माझा हात थरथरतो. हे एका दमात मारावं लागतं. मध्येच थांबलीस की वण राहतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत जा, मागं बघू नकोस.

लेक : झालं?

अण्णा : झालं. आता बोट लावू नकोस, वाळू दे. तोवर फोन कर त्यांना.

लेक : अण्णा, खरंच?

अण्णा : माझं मन फिरायच्या आत कर म्हणतो ना!

लेक : ...हॅलो? हो, मीच. हो, जमेल. येते... अण्णा, उद्यापासूनच ये म्हणाले.

अण्णा : बरं. येताना कोपऱ्यावर वळलीस की डिपर मार, दिव्यांची उघडझाप कर. मी खिडकीत बसतो.

लेक : रोज?

अण्णा : रोज.

लेक : आणि मला उशीर झाला तर?

अण्णा : बसेन की. मला कुठं जायचंय?